उंबऱ्यावरची नाणी

मावशी आता त्या घरात परत जाणार नाही, हे तिला सोडून सगळ्यांना कळलं होतं. अंगणात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी तिला भोकरजवळच्या तिच्या गावाहून लातूरला माझ्याकडे आणलं. तिला मूलबाळ नाही. मी नर्स आहे, त्यामुळे तिचं करायला दुसऱ्या कुणी पुढे यायचा प्रश्नच नव्हता. "चालाया लागले की जाते बघ मी," असं ती रोज म्हणायची. तिकडे घराचे पत्रे सडले होते, मागची भिंत कलली होती. भोकरला राहणाऱ्या माझ्या मामेभावानं, दादानं, फोन करून सांगितलं, "पडायच्या आधी सामान काढू. ये तू."

निघताना मावशी म्हणाली, "चुलीजवळ जातं हाय. त्याला हात लावू नका."

"का गं?"

"न्हाई लावायचा म्हणलं न."

मी पोचले तेव्हा दादानं निम्मं घर बाहेर काढलं होतं. दादा माझ्याहून मोठा, कमी बोलणारा. मावशी त्याची सख्खी आत्या, पण तिच्या घरचं पाणीसुद्धा तो पीत नसे. शेतावरून काही झालं असेल, असं मी समजत होते. त्या दिवशीही तो भांडी अशी आपटत होता, की मी त्याच्यापासून लांबच राहिले.

जात्याबद्दल मी त्याला सांगितलं होतं. तरी मी पाठ फिरवली आणि घरघर ऐकू आली. त्यानं पहार घालून जातं सरकवलं होतं. खालची माती भुसभुशीत होती. हातानं उकरल्यावर एक मडकं लागलं, तोंडाला फडकं बांधलेलं. दादानं ते जमिनीवर उपडं केलं.

नाणीच नाणी. काही निजामाच्या काळातली, चारमिनारची, चांदीची. काही भोकाचे तांब्याचे पैसे. त्यात पाच-दहा पैशांची हलकी नाणीही होती, जी आता कुणी भिकाऱ्यालाही देत नाही. चांदी आणि असला चुरा एकाच मडक्यात कुणी का ठेवावा, ते मला कळेना.

"आधी मावशीला विचारू," मी म्हणाले.

"काय विचारायचं? जन्मभर लपवून ठेवलं तिनं." तो चांदीची नाणी वेगळी करत होता. "हितं माणसं जमतील. हंडा सापडला म्हणून गाव गोळा होईल. नांदेडला सराफाकडं टाकतो, तिच्याच औषधाला येतील."

"दादा, तिची आहेत ती."

"मग मी काय खाऊन राहिलो का?"

तो ओरडला तशी शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यानं सगळी नाणी रुमालात बांधली, मोटरसायकलला किक मारली आणि गेला.

मी लातूरला फोन लावला. माझ्या मुलीनं तो मावशीच्या कानाला धरला. मी नाण्यांचं सांगितलं.

"जातं हलवलं," ती म्हणाली.

"मावशी, कसली नाणी आहेत ती?"

मावशी पूर्वी सुईण होती. आसपासच्या वाड्या-तांड्यांवर तिच्या हातून किती बाळंतपणं झाली, तिलाही सांगता येत नाही. मूल रडलं की तिला सुपात ज्वारी, खण आणि एक नाणं मिळायचं. ते ती खर्चायची, त्यावरच तिचं घर चाललं.

"पण जे लेकरू रडलंच न्हाई," ती म्हणाली, "त्या घरचे ज्वारी न्हाई द्यायचे. पैसा तेवढा उंबऱ्यावर ठेवायचे. सुईणीला रिकामी पाठवू न्हाई म्हणून. नको म्हणता येत नव्हतं गं. घेतले. पर त्याचं मीठसुदिक आणलं न्हाई मी." मग आवाज चढला. "कुठं नेले त्यानं? जा तू! त्याला थांबव!"

दादा फोन उचलत नव्हता. मिळेल त्या जीपनं भोकर आणि तिथून बसनं नांदेड. बस प्रत्येक थांब्याला माणसं घेत होती. दादा फोन उचलेना म्हणून मी संदेश पाठवत राहिले, 'वितळवू नको.' एकही वाचला गेला नाही.

सराफ्यात तीन दुकानं पालथी घातल्यावर एका गल्लीच्या तोंडाशी त्याची मोटरसायकल दिसली. आत तो स्टुलावर बसला होता. मागच्या खोलीत भट्टी पेटली होती.

"थांबवा!" मी एवढ्या जोरात म्हणाले, की सराफानं चष्मा काढला.

"तमाशा करू नको," दादा दात आवळून म्हणाला.

मी तिथं उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. तो मधेच म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय." मी बोलतच राहिले. उंबऱ्याचं सांगितलं तसा त्याचा चेहरा बदलला. त्यानं रुमालातली उरलेली नाणी काउंटरवर पसरली आणि बोटानं सारू लागला. एक रुपयाचं जाड नाणं त्यानं उचललं, ठेवलं, परत उचललं.

"मीच ठेवला होता," तो म्हणाला. "तिनं खाली बघून उचलला. मला वाटलं, बाई पैशासाठी..."

त्याचं पहिलं मूल गेलं होतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. पुढं दोन मुलगे झाले, आणि त्या पहिल्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. पुरामुळे वहिनीला दवाखान्यात नेता आलं नव्हतं, आणि बाळंतपण मावशीनं केलं होतं, हे मला त्या दुकानात कळलं.

दादा स्वतः भट्टीकडे धावला. तीन-चार चांदीची नाणी आधीच मुशीत गेली होती. बाकीची कारागिराच्या ताटलीतून त्यानं घाईनं ओंजळीत घेतली. सराफानं वितळलेल्या चांदीचा गोळा थंड करून दिला आणि मजुरी मागितली नाही.

आम्ही तसेच लातूरला निघालो. घरी आल्यावर दादा आत येईना, जिन्यातच उभा राहिला. मी मावशीच्या अंथरुणावर रुमाल सोडला. तिनं नाणी चाचपली, गोळा हाताला लागला तशी थांबली.

"ह्ये कुणाचं?"

"वितळली काही. उशीर झाला मावशी."

ती गोळा मुठीत धरून रडली. मग म्हणाली, "आला का त्यो? बोलव."

दादा आला, पायाशी उभा राहिला. माफी वगैरे तो मागणार नाही, हे मला माहीत होतं.

"आत्या, मला बघू दिलं न्हाई कुणी," तो म्हणाला. "काय होतं?"

"पोरगी होती," मावशी म्हणाली. "लई केस होते. आंघोळ घालून, कापडात गुंडाळून दिली मी. उघडी न्हाई दिली."

दादा खाली बसला. मी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ गॅस पेटवलाच नाही. बाहेर आले तेव्हा तो तिच्या उशाच्या तांब्यातलं पाणी पीत होता.