धनजच्या दाराची दुसरी फळी

वाशीमला गाडीतून उतरले तेव्हा थंडी हाडात शिरत होती. उरणहून निघताना स्वेटर घ्यायचं सुचलं नाही, कारण नवऱ्याच्या मुलखात थंडी किती पडते हे मला ठाऊकच नव्हतं. सगळा संसार झाला, पण त्याने मला तिकडे कधी नेलं नाही. सासू एकदा येऊन गेली, आणि तिच्या मयताला तो एकटा जाऊन आला. आता तो गेल्यावर मी एकटी निघाले होते, आणि तेही माणसं जोडायला नव्हे. मला लाकूड मागायचं होतं.

सांगते नीट. मधुकर, माझा नवरा, गोदीत सुतार होता. निवृत्त झाल्यावर त्याने घरात गलबत बांधायला घेतलं. हातभर लांब, पण बांधणी खऱ्यासारखी: तळाला कणा, कण्यावर बरगड्या, बरगड्यांवर फळ्या. मी आधी नुसती पकडायला बसायचे, मग हळूहळू चिरायला, घासायला शिकले. रंगाचा ब्रश लावायचा नाही, लाकडानेच रंग द्यायचा, हा त्याचा हट्ट. म्हणून कण्याला बाभूळ, काठावरच्या काळ्या पट्टीला शिसम आणि सगळ्या अंगाला हळदू. लोकांना सागवान म्हणजे राजा वाटतं. पण एवढ्याशा जहाजावर सागाच्या रेषा दोरखंडासारख्या दिसतात, आणि त्यातल्या तेलाने सरस धरत नाही. हळदूला रेषाच नाहीत म्हणा ना. अंगाने पिवळं, गुळगुळीत. पूर्वी त्याच्या फण्या करायचे. पातळ चिरून वाफ दिली की म्हणाल तसं वळतं.

हे हळदू आलं कुठून, तर नवऱ्याच्या गावच्या, धनजच्या घराच्या दारातून. सासरे कारंज्याला आरामशीनवर (लाकूड कापायच्या गिरणीत) कामाला होते. तिथून उरलंसुरलं आणून त्यांनी घराला दोन फळ्यांचं दार केलं आणि वर निळा रंग मारला. ते गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. तिकडे वाटणी म्हणजे वाटणी, चुलीच्या विटासुद्धा मोजून घेतात. दाराची एक फळी थोरल्याला, एक धाकट्याला. मधुकर हे हसत सांगायचा, "दोन्ही उचलून पाहिल्या, आणि एक खांद्यावर टाकून निघालो." ती फळी वर्षानुवर्षं आमच्या पलंगाखाली पडून होती. माझ्या शिकण्यात ती बरीच फुकट गेली, उरलेलीची जहाजाची डावी बाजू झाली, आणि त्यातच ती संपली. उजव्या बाजूला अजून नुसत्या बरगड्या होत्या, आणि हा बाबा निघून गेला.

नवं हळदू आणून भागलं असतं, असं मला सगळे सांगत होते. सांगणाऱ्यांचं काय जातं! जुनं लाकूड आपलं आकसायचं ते आकसून बसलेलं असतं, नव्याचं अजून बाकी असतं. दोन्ही एका कण्यावर बसवली की पहिल्याच उन्हाळ्यात जहाज एका अंगाला ओढतं. शिवाय रंग जुळत नाही तो नाहीच. मला त्याच दाराची दुसरी फळी हवी होती, आणि ती धनजला धाकट्या दिराकडे होती. नवऱ्याचं दुसरं काहीही अर्धं राहिलं असतं तरी मी सोसलं असतं. हे जहाज मला पुरं करायचंच होतं.

तरी आधी वाशीमच्या लाकडाच्या दुकानांतून फिरले. खरं सांगायचं तर दिरापुढे हात पसरायचं जिवावर आलं होतं. एखादं मोडक्या पलंगाचं जुनं हळदू इथेच मिळालं असतं तर तिथूनच परत फिरले असते.

"हळदू?" दुकानदार म्हणाला. "मावशी, आता प्लाय चालते. हळदू कोनाले पायजे?"

"मला पाहिजे."

"कायले?"

"जहाज बांधायला."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि आतून एक धुळकट पिवळा तुकडा आणून पुढे ठेवला. मी पर्समधून आमच्या जहाजाची पट्टी काढून शेजारी धरली. तुकडा कळंबाचा होता. हळदूच्या जवळचंच लाकूड, पण पिवळेपणात मळकं. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "बराबर आहे, कळंबच आहे. तुमाले समजते का नाही, ते पाहून राह्यलो होतो." अशा माणसाला काय बोलायचं? मी एस.टी. स्टँडचा रस्ता धरला.

कारंज्याच्या गाडीत पोहरादेवीला निघालेल्या बायका होत्या. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती, मधूनच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. शेजारच्या बाईने मला थंडीने आखडलेली पाहून स्वतःच्या शालीचं टोक माझ्या मांडीवर टाकलं आणि चौकशी सुरू केली. कोणाकडे, कुठल्या, मालक का नाही आले. मी म्हटलं, मालक वारले, आणि मी दिराकडून दाराची फळी आणायला चालले आहे.

बाई हसली नाही. "घरचं दार कोनी देत नसते, बाई," एवढं म्हणाली आणि मंगरूळपीरला उतरून गेली.

धनजला उत्तमचं घर शोधायला वेळ लागला नाही. उत्तम म्हणजे माझा दीर. विहारामागच्या ओळीत सगळी दारं निळीच, पण अर्धं लाकडाचं आणि अर्धं पत्र्याचं दार एकच होतं. उजवीकडे निळी फळी. डावीकडे बाभळीच्या काठ्यांवर ठोकलेला पत्रा, गंजून लाल झालेला. वाटणी होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या जागी दुसरी फळी आली नव्हती. मी तिथेच उभी राहिले. हसत सांगितलेल्या गोष्टीत हा पत्रा कधी नव्हता.

"जय भीम, वयनी," उत्तम बाहेर येऊन म्हणाला. अंगाने वाळलेला, पण चालणं थेट मधुकरचं.

"जय भीम, भावजी."

त्याची बायको शीला हिने आधी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, सोल्याची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. चव इतकी चांगली होती की मला रागच आला. हे सगळं इथे होतं आणि मला ते कधी दाखवलं नाही. जेवण झाल्यावर मी जहाजाचा फोटो दाखवला आणि मागायचं ते मागून टाकलं.

उत्तमने फोटो बघून शीलाकडे दिला. मग उत्तम म्हणाला, "भाऊनं फयी (फळी) नेली तवा पावसाचे दिवस व्हते, वयनी. बुढीनं अर्ध्या दाराले लुगडं बांधलं. कुत्रे आत येत. बुढी काठी घेऊन बसे."

बुढी म्हणजे माझी सासू. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून काय झालं, तिच्याच दाराच्या फळीवर मी वर्षानुवर्षं निजले होते.

"मंग दुसरी फयी काहून नाही केली तुमी?" शीला मध्येच नवऱ्यावर घसरली. "हजार खेप म्हनलं मी."

"भाऊ वापस आनून देईन वाटे मले," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पन माही तकरार नाही. बापानं दोघायले सारखं देल्लं. एका झाडाच्या दोन फया. त्यानं त्याची नेली, माही माह्यापाशी राह्यली. न्या तुमी. होऊ द्या जहाज पुरं. मी इकडंबी टीन (पत्रा) ठोकतो."

तो उठला, बिजागऱ्यांच्या खिळ्या काढल्या आणि फळी एका हाताने उचलून माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. एका हाताने. आमची फळी पलंगाखालून ओढायला दोघं लागायचो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण सवय वाईट. मी पर्समधून आमची पट्टी आणि पातं काढलं, आणि बोटभर निळा रंग खरवडला.

खालून पिवळं काही निघालंच नाही. मळकट पांढरं लाकूड, नखाने दबणारं, आणि त्यात वाळवीच्या नळ्या. सालई होती. फळांची खोकी करतात ती. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. तोंडातून निघून गेलं, "हे हळदू नाही."

"म्हंजे?"

त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली आणि खरवडलेल्या जागेवर ठेवली. फरक कळायला सुतार असावं लागत नाही. पिवळं ते पिवळं आणि पांढरं ते पांढरं.

"भावजी, आरामशीनवर हळदू एका फळीपुरतंच मिळालं असेल," मी घाईघाईने म्हटलं. "म्हणून तर वरून सारखा रंग दिला त्यांनी. त्यात दुजाभाव नव्हता."

"बापाचं सोडा. बापाजवळ जे व्हतं ते त्यानं लावलं." तो फळीकडेच बघत होता. "भाऊले मालूम व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"तो सुतार व्हता, वयनी. वाटनीच्या दिवशी त्यानं दोनी फया उचलून पाह्यल्या व्हत्या का?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. संसारात भरपूर बोलले आहे. पण त्या वेळी जीभ उचलली नाही, आणि गप्प राहणं हेच उत्तर झालं.

उत्तमने फळी परत बिजागऱ्यांवर चढवली. "तुमच्या कामाची नाही हे," तो म्हणाला आणि शेताकडे निघून गेला. शीला मला गाडीपर्यंत सोडायला आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "कायले आल्या तुमी? आतापावतर आमच्या घरी सारखं व्हतं."

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. अकोल्याला गाडी बदलली, चहा घेतला, तो थंड झाला. मनात एकच चाललं होतं. माणूस मेला म्हणून मी पोटभर रडले होते. आता त्याच्याशी कडाकडा भांडायचं होतं, आणि भांडायला तो नव्हता. बायकोला गावी का नेलं नाही, हे मात्र कळलं. नेलं असतं तर पहिल्याच दिवशी मला तो पत्रा दिसला असता.

घरी आल्यावर शेजारीण डोकावली. लाकूड मिळालं का, म्हणाली. नाही मिळालं, म्हटलं. "मग आता जहाज पुरं कधी व्हायचं?"

मी म्हटलं, झालंय ते. ती उघड्या बरगड्यांकडे बोट दाखवायला लागली. तिला सांगितलं, ही बाजू त्याच्या वाटणीची नाही.