चिंध्यांची वांगी

उजाडलं की आई आधी मागच्या परसात जायची. तिथे मोजकीच वांग्याची झाडं होती, बियाण्यासाठी राखलेली. प्रत्येक झाडावर एकच वांगं ठेवून बाकीची फुलं ती खुडून टाकी आणि त्या वांग्याच्या देठाला जुन्या कापडाची चिंधी बांधी. रोज सकाळी एकेक वांगं तळहातावर घेऊन हलकेच तोलून बघे, मग चूल पेटवायला येई.

"अवं, वांग्याले बारशाचं आंगडं घालून राह्यली का?" वडील ओसरीवरून विचारत.

"तुमचं धोतर फाडलं म्हनून जीव जळते का?" ती आतून म्हणे.

तिचं नाव पंचफुला. माहेर रोहिणखेडचं. लग्न होऊन देऊळघाटला आली तेव्हा हे बी तिच्या पदराच्या गाठीत होतं. पुढे मळाभर तीच वांगी झाली. रोप तिनं टाकायचं, तिनंच लावायचं, वांगीही तिनंच तोडायची. बुलढाण्याच्या बाजारात मात्र त्यांना 'पुंजाजीची वांगी' म्हणत. पुंजाजी म्हणजे माझे वडील. आईला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. मला शिकायला बाहेर पाठवू नये म्हणून घर अडून बसलं, तेव्हा ती एवढंच बोलली, "रोप तं वाफ्यातून काढता का नाही? मंग पोरीलेच काऊन दाबून ठेवता?"

पौषात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

दशक्रियेला नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना. काकांनी, म्हणजे शेषरावांनी, हात जोडले, "वहिनी, कोकिळाचं लगन आमी करू." कोकिळा म्हणजे मी. कावळा बाभळीवर बसून राहिला. मग वडील पुढे झाले. पिंडासमोर वाकून म्हणाले, "तुह्या बियाले कोनाले हात लावू देनार नाही मी."

कावळा उतरला. बायांनी डोळ्याला पदर लावले. मीही रडले. त्या क्षणी वडिलांविषयी मला जी माया वाटली, तिची आता शिसारी येते.

तेरवीला पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले. मळ्यातली झाडं थकली होती. त्यांची उरलीसुरली वांगी सकाळीच चिरून झाली होती. आचारी म्हणाला, भाजी पुरत नाही, आणि दुसऱ्या चुलीला जागाही पाहिजे. शेषरावकाकांनी परसाकडे बोट दाखवलं.

"ते तोडा. अन् झाडं उपटून तिथंच चर खांदा."

"बाबा, ते बियाचे हायेत," मी म्हणाले.

वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंगतीत भाजी कमी पडली तं लोक तुह्या मायलेच नाव ठेवतीन."

"मायले? माय काय वाढाले येनार हाय?"

"तोंड आवर," काका म्हणाले. "शिकली म्हनून काय पंगतीतून लोकं उठवशीन?"

चिंध्या देठांसकट चुलीपाशी पडल्या. त्यांतली एक तिच्या निळ्या लुगड्याची होती. आचाऱ्यानं त्याच चिंधीनं कढईचा कान धरला.

पंगत बसली. बी निबर व्हायला लागलं होतं, त्यामुळे भाजीला कडवट झाक आली होती. लोक बोटानं दातांतलं बी काढून पत्रावळीच्या कडेला पुसत होते आणि त्याच तोंडानं म्हणत होते, "लक्ष्मी होती बाप्पा, लक्ष्मी." कुणी ढेकर दिली. वडील वाढप्याच्या मागे मागे फिरून आग्रह करत होते. "घ्या नं अजून. तिच्या हातची हायेत." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त किळस आली. मी उठून बाहेर गेले आणि ओकले. शेजारची सोजराकाकू पाणी घेऊन आली, म्हणाली, "मायची आठोन आली वाटते." मी चूळ भरली.

पुढच्या हंगामात वडिलांनी बाजारातलं बी टाकलं. वांगी आली. लोक अजूनही त्यांना पुंजाजीचीच वांगी म्हणतात आणि वडील खुशाल मान डोलावतात.

ताप डोक्यात चढण्यापूर्वी, त्या शेवटच्या संध्याकाळी, आई खाटेवर पडून होती. आमटीत टाकायला वांगी हवीत म्हणून मी टोपली उचलली. तिनं डोळे उघडले.

"चिंधीच्याले हात नोको लावू, मळ्यातून आन. अन् परसाची कवाडी लावून घेजो, शेळ्या घुसतेत."