जनाक्का जामीन राहिली

दुकानातून काडीपेटी घेतली तरी जनाक्का दुकानदारासमोर एक काडी ओढून बघायची. तलवाड्यातल्या आमच्या बचत गटाची ती अध्यक्ष. तिचा आवाज मी हुबेहूब काढतो, नाकातून, शेवटचा शब्द ताणून. एकदा तिच्यासमोरच काढला, तर म्हणाली, "तुला हे कुणी शिकवलं, अन् कावून?"

बायकांना धंदा शिकवायला कर्जवाल्या कंपनीचे सर आले. गिऱ्हाइकाशी हसून बोला, असं ते हसत हसत सांगत होते. जनाक्का आईच्या कानाला लागली. "ह्यो फुकट कावून हसतोय? ध्यान ठेव."

आईनं शेळीसाठी कर्ज काढलं आणि पैसे गेले माझ्या बहिणीच्या आजारपणात. आता सर शेळी बघायला, तिचा फोटो काढायला येणार होते. शेळी नाही म्हटलं की आई गटाबाहेर, पुढचं कर्ज बंद. म्हणून आईनं कुठून तरी शेळी मागून आणली आणि दारात बांधली.

आदल्या दिवशी सांजच्याला जनाक्का आली. शेळीभोवती फिरली, खाली वाकून बघितलं. "कास भरलीय. करडू कुठं हाय?"

जनाक्कानं सरळ दोरी सोडली.

शेळी निघाली. मागं जनाक्का, तिच्यामागं आई, शेवटी मी. गल्ली ओलांडून शेळी थेट रेखावहिनीच्या अंगणात शिरली आणि करडू येऊन तिला लुचायला लागलं. रेखावहिनी म्हणजे जनाक्काची सून. वेगळी राहायची, सासूशी बोलणं बंद. ती शांतपणे म्हणाली, "फोटोला भाड्यानं देते. धंदाच शिकवला ना त्यांनी?"

मला हसू फुटत होतं. जनाक्काचं तोंड बघून गिळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सगळं सांगून टाकलं, सुनेचं नाव आधी. सरांचं हसणं गेलं. आईकडं बोट करून त्यांनी विचारलं, हिच्या हप्त्याला जामीन कोण?

"मी."

"तुमचा विश्वास आहे हिच्यावर?"

"जरा बी न्हाई. म्हणून तर मी. भरवसा असणारा मानूस घरी जाऊन झोपतो."

आई गटात राहिली. हप्त्याच्या दिवशी जनाक्का सकाळीच आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. आईनं लोकांचा कापूस वेचून कर्ज फेडलं आणि तिच्याकडं पेढे नेले. पहिला पेढा जनाक्कानं आईलाच खायला लावला. दुसरा हुंगून बघितला, नातवासाठी पदरात बांधला, आणि चप्पल घालून रेखावहिनीच्या घराकडं निघाली.