तपासून दिलेली कॉफी

आमच्या घरात कॉफी कुणालाच आवडत नाही. तरी आमच्याकडे कॉफीचं मशीन होतं, आणि ते मी आणलं होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. तेव्हा नाशिकमध्ये आमच्यासारख्यांच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ उगाळून घातलेलं गोड दूध. तेही कुणाचा उपास असला किंवा दहावीची परीक्षा असली तरच. त्यामुळे मशीन आणण्यामागे कॉफी हे कारण नव्हतंच. कारण होते माझे सासरे.

नाना ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी बनवलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते अतिशय चोख करत. मग ते निवृत्त झाले. कारखान्याने त्यांना निरोप दिला, शाल दिली, पण तपासायची सवय काही काढून घेतली नाही. ती ते घरी घेऊन आले.

घरात विमान नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर तपासायला घेतलं. डब्यांची झाकणं नीट बसतात का, कुकरची रिंग सैल आहे का, गॅसची नळी कुठे चिरली आहे का. इथपर्यंत आम्ही सहन केलं. पण एके दिवशी जेवताना त्यांनी पोळी उजेडासमोर धरली आणि ती एका बाजूला जाड असल्याचं सासूबाईंना दाखवून दिलं. रात्री भांडी आवरताना सासूबाई मला म्हणाल्या, "वैशाली, ह्यांना काहीतरी आणून दे बाई. काहीही आण. नाहीतर मी त्र्यंबकेश्वरला जाऊन राहते."

मी बँकेत कारकून होते. दिवाळीच्या आधी शहरात गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे बँकेतून परस्पर गेले. एका स्टॉलवर टाय लावलेला एक माणूस कॉफी करत होता. छोटंसं काळं यंत्र, वर पाण्याची टाकी, पुढे दांड्याची जाळीदार वाटी आणि बाजूला एक वाकडी नळी. ती नळी दुधात बुडवून त्याने बटण फिरवलं, आणि दुधावर असा फेस आला की माझ्या पुढच्या बाईंनी हात जोडले. (त्या बहुधा पर्स सावरत होत्या. पण मला तेव्हा तसं वाटलं.) यंत्राला झाकणं होती, बटणं होती, दिवा होता, आणि इंग्रजीत लिहिलेलं जाडजूड माहितीपुस्तक होतं. मला कपात कॉफी दिसलीच नाही. मला दिसले नाना, दिवसभर एका कोपऱ्यात बसलेले.

अंदाज अगदी बरोबर निघाला. नानांनी माहितीपुस्तक चष्मा पुसून पुसून वाचलं. त्यातल्या दोन चुका मला दाखवल्या. मग ओट्याचा उजवा कोपरा ताब्यात घेतला. तिथला मिक्सर खाली गेला, पोळपाट भिंतीला टेकला आणि सासूबाईंना आपल्याच ओट्यावर अर्धी जागा उरली. यंत्र चालू असताना कुणी ओट्यापासून चार हातांच्या आत यायचं नाही, असा नियम झाला. आम्ही दारात उभं राहून कॉफी होताना बघायचो.

पहिल्या दिवशी फेस आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण तो नानांच्या बनियनवर. नानांच्या मते यंत्रात दोष नव्हता आणि करणाऱ्यात तर शक्यच नव्हता, तेव्हा दोष दुधात होता. सकाळी मखमलाबादहून येणाऱ्या दूधवाल्याला त्यांनी जिन्यातच गाठलं आणि त्याच्या म्हशी काय खातात इथपासून चौकशी केली. तो बिचारा किटली खाली ठेवून म्हणाला, "नाना, पानी घातलं म्हणून भांडणारं गिऱ्हाईक लय पाहिलं. फेस येत नाय म्हणून भांडणारे तुम्ही पयलेच."

पुढे फेस जमला. मग खरी अडचण सुरू झाली, कारण कॉफी प्यावी लागायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कप हातात देऊन नाना समोर उभे राहायचे आणि अभिप्राय मागायचे. माझा नवरा श्रीकांत पहिला घोट घेऊन "छान" म्हणायचा आणि उरलेला कप घेऊन फोन आल्यासारखा गच्चीत जायचा. आमच्याकडे फोन दिवाणखान्यात होता. नानांच्या हे लक्षात आलं नाही, यावरून ते किती रमले होते ते कळावं. गच्चीतल्या कढीपत्त्याने त्या वर्षी जोर धरला. पोळीबद्दल मात्र कुणी ब्र काढत नव्हतं, त्यामुळे मी स्वतःवर खूश होते.

मग थंडी पडली. नाशिकची थंडी म्हणजे सासूबाईंची सर्दी. दरवर्षी त्या पातेल्यात ओवा उकळून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेत. त्या वर्षी त्यांचं लक्ष त्या वाकड्या नळीकडे गेलं. बटण फिरवलं की सरळ नाकात वाफ, पातेलं नको की टॉवेल नको! नाना दुपारी झोपले की त्या टाकीत पाणी भरायच्या, वरून चिमूटभर ओवा टाकायच्या आणि खुर्ची ओढून आरामात वाफ घ्यायच्या. झालं की टाकी धुऊन पुसून होती तशी ठेवायच्या. सगळं जिथल्या तिथे असायचं. फक्त वास राहायचा. आणि वासाच्या बाबतीत नानांकडून काही धोका नव्हता, कारण वर्षानुवर्षं तपकीर ओढून त्यांच्या नाकाने कधीच राजीनामा दिला होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी तेव्हा कप न चाखताच "छान" म्हणत होते. त्याच सुमारास एका रविवारी नानांचे दोन जुने सोबती घरी आले. बोरसे काका आणि पगारे काका. कारखान्याच्या बसमध्ये नानांच्या मागच्या बाकावर त्यांची सगळी नोकरी सरली होती. नानांनी त्यांना चार हात लांब बसवून कॉफी केली. मीही एक घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर बाळंतिणीची खोली उभी राहिली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या अतिशय मन लावून लसूण सोलत होत्या.

आता हे दोघे काय म्हणतात म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले. बोरसे काकांनी कप संपवला, छातीवर हात ठेवला, आणि नाना, तुम्ही यात काय जादू केली, महिन्याभराचा कफ सुटला, असं म्हणाले. पगारे काकांनी आणखी अर्धा कप मागितला. नानांचा चेहरा इतका फुलला, की तसा तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. (तेव्हा ते मांडवाचे खांब तपासत होते.) पाण्याचं तापमान नेमकं साधलं की असं होतं, असं त्यांनी दोघांना समजावून सांगितलं.

ते गेल्यावर मी सासूबाईंना गाठलं. त्यांनी लगेच कबूल केलं, आणि सर्दी बरी झालीच आहे तर आता यंत्राला हात लावणार नाही, असंही सांगितलं. मी टाकी लिंबाच्या पाण्याने खळखळून धुतली. प्रश्न मिटला असं मला वाटलं. मला असं वाटतं तेव्हा प्रश्न साधारण सुरू होत असतो.

पुढच्या रविवारी दोघे काका मोठ्या आशेने आले. कॉफी प्यायले. एकमेकांकडे बघितलं. शेवटी बोरसे काका हळूच म्हणाले, की चांगली आहे, पण मागच्या वेळची मजा नाही.

सोमवारी नानांनी यंत्र खोललं. मंगळवारी पुन्हा जोडलं. मग पुन्हा खोललं. तापमान तेच, दूध तेच, मग चुकतंय काय, हे त्यांना सापडेना. ते गप्प गप्प राहू लागले. आठवड्याच्या शेवटी सासूबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, घर शांत झालं म्हणून त्या खूश असतील.

"आज पोळी करपली होती," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम त्यांच्याच ताटात वाढली. खाल्ली गं त्यांनी, एक शब्द न बोलता. मला नाही बघवत."

त्याच दिवशी बोरसे काकांचा निरोप आला की येत्या रविवारी जोगळेकर साहेबही येताहेत. हे तपासणी विभागाचे जुने प्रमुख. नाना सगळ्यांच्या चुका काढायचे आणि साहेब नानांच्या. सगळ्या नोकरीत साहेबांनी नानांना एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. बोरसे काकांनी त्यांच्यापुढे कॉफीची एवढी तारीफ केली होती, की ते गंगापूर रोडहून खास येणार होते. नानांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. यंत्राकडे मात्र ते असे बघत होते, जसं निकालाच्या दिवशी नापास होणारा मुलगा शाळेकडे बघतो.

तेव्हा मी ठरवलं. चिमूटभर ओव्याने एवढा गुण येतो, तर साहेबांसाठी हात आखडता कशाला घ्यायचा? रविवारी नाना कपडे बदलायला गेले असताना मी टाकीत मूठभर ओवा टाकला. पाणीही भरून ठेवलं, म्हणजे त्यांना टाकी उघडायला नको. सासूबाई दारात राखण करत होत्या.

साहेब पांढऱ्या सफारीत आले. नानांनी सगळ्यांना नियमाप्रमाणे लांब उभं केलं आणि बटण दाबलं. दिवा लागला. यंत्र घुमू लागलं. घुमतच राहिलं. कपात काही पडेना. नाना म्हणाले की थोडा धीर धरा. पगारे काका म्हणाले की आमच्या वेळी एवढा वेळ लागला नव्हता. यंत्रातून आधी मांजरासारखा, मग रिक्षासारखा आवाज यायला लागला. ओवा आतल्या नळीत जाऊन गच्च बसला होता आणि त्याच्यामागे वाफ कोंडली होती, हे तिथे फक्त मला कळायला हवं होतं. मला वाटलं, ओवा चांगला उतरतोय.

मग फाडकन आवाज झाला. जाळीची वाटी दांड्यासकट निखळून सिंकमध्ये पडली. कॉफी छताला लागली, टाइल्सना लागली, कॅलेंडरवरच्या देवाला लागली. नानांच्या नियमामुळे कुणालाही भाजलं नाही. जोगळेकर साहेबांच्या सफारीवर मात्र छातीपासून पोटापर्यंत ठिपके उठले.

साहेबांनी चष्मा चढवला. छातीवरच्या ठिपक्यातला एक दाणा दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला, हुंगला. त्यांचं नाक शाबूत होतं.

"नाना," ते म्हणाले, "हा ओवा आहे."

नानांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं. मीही जमिनीकडे बघायला लागले. ज्या माणसाने केसाएवढा फरक कधी लपवला नव्हता, तो आता काय बोलणार?

"हो साहेब, ओवाच आहे," नाना शांतपणे म्हणाले. "मी मुद्दाम घालतो. कॉफी बाधत नाही. आज प्रमाण जरा चुकलं."

साहेबांनी मान हलवली. प्रमाण चुकलं, पण विचार योग्य आहे, असं म्हणाले. हा त्यांनी नानांना दिलेला पहिला आणि शेवटचा चांगला शेरा. मग श्रीकांतचा शर्ट घालून, आमच्या हातचा साधा चहा पिऊन ते गेले. शर्ट त्यांना घट्ट होत होता, पण त्यांनी तो तपासला नाही.

मंडळी गेल्यावर नाना स्टुलावर बसले. आम्ही दोघी समोर उभ्या. मी सगळं सांगितलं, सासूबाईंनी मधेमधे भर घातली. ऐकून घेतल्यावर त्यांनी सासूबाईंना एकच विचारलं, "म्हणजे बोरसेला आवडलं, ते तुझं होतं?"

"ओव्याचं होतं," सासूबाई म्हणाल्या.

नानांनी छतावरचे ठिपके नजरेने मोजले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी तूच कर. मी फक्त तपासतो."

तेव्हापासून रविवारी सासूबाई पातेल्यात पाणी उकळतात. त्यात ओवा, आलं, गवती चहा आणि गूळ. नाना बाजूला उभे राहून गाळणं उजेडासमोर धरतात, गूळ जास्त झाल्याचं सांगतात, त्या त्यांना बाजूला व्हायला सांगतात, आणि दोघांचं छान चाललेलं असतं. मंडळी वाढत गेली. यंत्र दुरुस्त होईना, तेव्हा ते माळ्यावर गेलं.

काही वर्षांनी बँकेत एक नवीन मुलगी आली. तिचे सासरे दर रविवारी आमच्याकडे यायचे आणि घरी जाऊन आमच्या कॉफीचं कौतुक करायचे, म्हणून तिने एकदा मला डबा खाताना कृती विचारली. मी अगदी आपलीच असल्यासारखी सविस्तर सांगितली. पाणी किती, ओवा किती, गूळ कधी घालायचा. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि कॉफी किती घालायची?"

"कॉफी नाही घालत," मी म्हटलं.

तिने घास डब्यात परत ठेवला. मग याला कॉफी का म्हणतात, असं तिने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"मशीन मी आणलं होतं," मी म्हटलं. "घरातले माझं मन राखतात."