खोर बुजवली तेव्हा मी काय बोललो

आखातात, सोहार आणि खाबुऱ्याच्या मधली एक खोर, म्हणजे आपल्याकडची लहान खाडी, आमच्या कंपनीने भराव टाकून बुजवली. त्या कामावर मी फोरमन होतो. "वरून हुकूम आला, आपण काय करणार," असं मी गावी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही.

भरावाआधी पाहणीला एक गोरा सल्लागार आला. ऐन उन्हाळा. चिखलावर एकही पक्षी नव्हता. गाडीत तो मला म्हणाला होता, उत्तर ध्रुवाकडचे पक्षी इथे थंडीत उतरत असतील तर त्याला थंडीत परत यावं लागेल, तोवर काम बंद. ते जिथे अंडी घालतात ती तिकडची दलदल राखीव आहे, माणसाला पाय ठेवता येत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसला होता. त्याच्याकडे मी रोज कॉफी प्यायचो; तो मला सिदीक, म्हणजे दोस्त, म्हणायचा. तरुणपणी मुंबईच्या फेऱ्या केल्यामुळे त्याला हिंदी येत होतं. सल्लागार इंग्रजीत विचारी, मी हिंदीत.

"उसको बोलो, अभी गरमी है, चिडिया अपने मुलुक गया," म्हातारा म्हणाला. "खजूर खलास, फिर आएगा. इतना आएगा, मिट्टी नहीं दिखेगा." मग माझ्याकडे बघून डोळा मारला. "तुम्हारे माफिक, सिदीक. साल में एक बार घर जाता, अंडा देता, वापस."

मला हसू फुटलं. माझी तिन्ही मुलं अशीच रजेतली.

"काय म्हणतोय?" सल्लागाराने विचारलं.

"माझ्या रजेची थट्टा करतोय. पक्षी नसतात म्हणे इथे."

दिवाळीनंतर धाकट्या लेकीचं लग्न होतं. काम थांबलं असतं तर मला कंपनीच्या रुसैलच्या यार्डात पाठवलं असतं आणि रजा गेली असती. मजुरांच्या कॅम्पातल्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी मी तसं बोललो, अशी मनाची समजूत मी नंतर घातली. त्या क्षणी ती पोरं माझ्या डोक्यातही नव्हती.

लग्न उरकून परत आलो तेव्हा पक्षी आलेले होते. रोलर फिरवून कडक केलेल्या खडीवर ते हजारोंनी उभे होते. चोच मारत, दोन पावलं सरकत, पुन्हा मारत. काही दिवसांनी कुंपणाच्या कडेला मेलेले दिसू लागले. एक उचलून पाहिला. नुसती पिसं आणि हाडं.

म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला. "तुमने तो बोला था. मेरे सामने बोला. वो लोग सुनता नहीं."

"हां," मी म्हणालो.

पुढच्या थंडीत एकही पक्षी उतरला नाही. म्हाताऱ्याने मला घरी जेवायला बोलावलं आणि आपल्या मुलांना सांगितलं, हा हिंदी, म्हणजे भारतातला, माणूस आपल्या खोरीसाठी भांडला. मुलं उठली. मीही उठलो आणि एकेकाशी हात मिळवला.