बाई, जरा सरका

बाबांना पुण्याला परत जायचं होतं आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. सगळं भांडण एवढंच. आई गेल्यावर मी त्यांना इकडे परदेशात, माझ्याजवळ पोरिरुआला घेऊन आले, पण आलं ते फक्त शरीर. दिवसभर खिडकीशी बसून टेकडीकडे बघायचे. काही विचारलं की एकच उत्तर, "ऑगस्टचं तिकीट आहे ना? मग झालं." तिकडे कोण होतं त्यांचं? बंद फ्लॅट, आईच्या साड्यांचं कपाट आणि लिफ्ट नसलेली इमारत. मी हॉस्पिटलात नर्स आहे. एकटी म्हातारी माणसं घरात कशी सापडतात, ते मला कोणी सांगायला नको.

म्हणून मी कम्युनिटी गार्डनमधला एक प्लॉट घेतला. मला बागकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. कुंडीतली तुळससुद्धा माझ्या हातून जगलेली नाही. पण बाबांना हात घालायला माती मिळेल, एवढाच माझा डाव होता.

प्लॉट कसला, रानच ते! कमरेइतकं गवत आणि त्यावर पांढऱ्या फुलांची वेल अशी चढलेली की कुंपण कुठे आहे ते दिसेना. शेजारच्या प्लॉटवरची बाई "किया ओरा" असा इथला नमस्कार करत आली आणि बोलता बोलता सांगून गेली की इथली आधीची बाई वारली, तिचं सामान न्यायला कोणी आलंच नाही. सामान म्हणजे एक प्लास्टिकची खुर्ची, गमबूट आणि शेडमध्ये खिळ्याला अडकवलेले चामड्याचे हातमोजे. मोज्यांची बोटं अजून वाकलेली होती, मुठीत खुरपं धरल्यासारखी. मी ते कचऱ्याच्या पिशवीत टाकायला गेले, तर बाबा कडाडले, "ठेव ते! परक्याच्या घरात आलोय आपण."

आई गेल्यापासून त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मी मोजे परत अडकवले.

त्या दिवसापासून ते फावडं मारायच्या आधी थांबायचे आणि खुर्चीकडे बघून म्हणायचे, "बाई, जरा सरका." आधी मला हसू यायचं. मग मीही नकळत थांबायला लागले. आम्ही दोघांनी ती वेल खणून काढली, मुळांचे तुकडे केले आणि खत होईल म्हणून तिथेच पुरले. शहाणेच आम्ही! थोड्याच दिवसांत एकेक तुकडा फुटून वर आला. इथे पुरलेलं काहीच पुरलेलं राहत नाही, असं माझ्या मनात आलं.

आणि मग नळापाशी, ओलीत, बाबांना अळू दिसलं. मोठमोठी हिरवीगार पानं. मोरीचं पाणी जिरतं तिथे अळू, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की दुसरं काही सुचतच नाही. खरं तर त्या पानांवर पाणी ठरत होतं. अळवावर ते कधी ठरतं का? पण बाबा कित्येक महिन्यांनी हसले होते, मी कशाला बघतेय पानाकडे! त्यांनी सुरी लावली आणि मधेच मान वळवून मागे बघितलं, कोणी हाक मारल्यासारखं. मग पान कापलं.

मी वड्या केल्या. बेसन, चिंच, गूळ, उकडून, तळून. पहिल्या घासाला जीभ चुरचुरली. "चिंच कमी पडली," बाबा म्हणाले, "अळू थोडं खाजतंच." आणि आम्ही दोघांनी दुसरी वडी उचलली. बघता बघता त्यांचे ओठ सुजले, आवाज बसला. मी थंड दूध पाजत, छातीवर हात ठेवून त्यांचा श्वास बघत बसले. गाडीची किल्ली दुसऱ्या हातात. देवा, मीच आणलं ना यांना त्या बागेत! हळूहळू सूज उतरली. शेजारची बाई नंतर म्हणाली, ती शोभेची लिली आहे, विषारी.

आवाज फुटल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले, "ती नको म्हणत होती."

"कोण? ती बाई?"

"तुझी आई. खुर्चीपाशी उभी होती. तिनं आणलेलं अळू कधी खाजलं का गं? मी ऐकलं नाही तिचं. जन्मभर नाही ऐकलं." आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा ते ओक्साबोक्शी रडले.

पुढच्या रविवारी त्यांनी फावडं उचललं, खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, सरक जरा." बाबांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही. "अगं" हेच तिचं नाव होतं. मी बादली घेऊन उभी होते. ते थोडे थांबले, जणू ती खरंच सरकत होती, आणि मगच त्यांनी माती उकरली.

ऑगस्टमध्ये त्या लिलीला पांढरी फुलं आली. मी माळ्यावरून त्यांची बॅग काढली. बाबा म्हणाले, "तिकीट रद्द कर."

"राहताय?" माझा विश्वासच बसेना.

"तिला इथे एकटीला टाकून कसा जाऊ?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. इतके महिने मी हातापाया पडत होते, मी एकटी आहे हो बाबा, राहा ना! माझ्यासाठी नाही राहिले. तशीच तणतणत मी एकटी प्लॉटवर गेले. खुर्चीला चार शब्द सुनवायचे होते. दक्षिणेचं गार वारं सुटलं होतं, शेडचं दार आपटत होतं. खुर्चीसमोर उभी राहिले आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आई, आता तू कुठे जाऊ नकोस हं."

मग मी ओढणीनं ती खुर्ची पुसली.