सिलेवानी, न थांबता

देवीदास पाना कधी जमिनीवर ठेवत नसे. मांडीवर ठेवायचा. इंजिन ऐकताना डोळे मिटायचा. चहा बशीतून प्यायचा, पण पहिला घोट कपातूनच. गाडी दुरुस्त झाली की बॉनेटवर दोन थापा मारायचा, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. खिशात खडू असायचा, म्हणून सगळ्या शर्टांचे खिसे पांढरे. राग आला की हिंदीत बोलायचा. कुणी पाणी दिलं तर आधी पेल्याकडे बघायचा, मग प्यायचा.

ही शेवटची सवय मला उशिरा कळली. आमच्या घरी आई त्याला ज्या पेल्यात पाणी द्यायची तो वेगळा होता. मागच्या खिडकीत असायचा. माझ्या ते लक्षात यायला दोन वर्षं लागली. त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. मी आईशी भांडलो आणि त्याच्या गॅरेजच्या शेडवर जाऊन त्याला सांगितलं.

"काहून भांडला बे?" तो म्हणाला. "मी तुह्या घरी पानी प्याले येतो का? पुस्तकासाठी येतो."

पुस्तक इंग्रजी होतं. जुन्या गाड्यांच्या इंजिनांचा जोर कसा वाढवायचा याचं. नागपूरला रद्दीत मिळालेलं. मी मराठीत एम.ए. करून सौंसरला परत आलो होतो. मी वाचायचो, जमेल तसं मराठीत सांगायचो. मला त्यातलं काही कळत नसे. तो मात्र मध्येच म्हणायचा, "थांब. हे पुन्हा सांग."

सौंसरला नागपूर रस्त्यावर त्याचं टिनाचं शेड होतं. शेडमागे एक डुक्कर फियाट, म्हणजे गोल पाठीची जुनी फियाट, उभी असायची. सत्तावन्न सालची. पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली आणि ही त्याला देऊन टाकली. रोजचं काम आटपलं की तो हिच्याजवळ बसायचा. रस्त्याने जाणारे टोमणे मारायचे.

"देवीदास, हे इमान कधी उडते?"

"तुह्या तेरवीले!"

मलाही वाटायचं, हौस आहे. मग एकदा त्याच्या वडिलांनी मला घाटाची गोष्ट सांगितली.

गुलाबबाबा रस्त्याच्या गँगमध्ये होते. तीस वर्षं सिलेवानी घाटात. छिंदवाड्याकडे जाणारी भरलेली गाडी तो घाट चढताना तापायची. त्या काळी सगळ्याच तापायच्या. मधल्या वळणावर गँगची पाण्याची टाकी होती. गाडी तिथे थांबायची. बाबा डबा भरून आणायचे.

"मंग?" मी विचारलं.

"मंग का? गाडीत टाकत. पोरगं तहानेनं रडे, तरी त्याची माय म्हने, वर गेल्यावर पेजो. माह्या हातचं पानी गाडी पेत होती. मानूस नव्हता पेत." ते हसले. तोंडात दात नव्हते. "गाडी मोठी सज्जन."

देवीदास हसला नाही.

"एकदा बाबाले पुढच्या सीटवर बसवतो," तो म्हणाला. "घाट चढतो. मंधात थांबाचं नाई. टाकीपाशी त बिलकुल नाई."

"थांबलं त का बिघडते बे?" बाबा म्हणाले. "पानी त लागतेच."

"तू चूप ऱ्हाय बाबा."

तेव्हापासून मी पुस्तक नीट वाचू लागलो.

इंजिनावर हेड असतं, म्हणजे झाकण. त्याच्या आतल्या बाजूला चार खळगे. पेट्रोल आणि हवा त्या खळग्यांत दाबली जाते आणि ठिणगीने पेटते. खळगा जितका लहान तितका दाब जास्त. दाब जास्त तितका जोर जास्त. इतकं मला समजलं. त्यालाही इतकंच समजलं. आमची चूक तिथेच झाली.

हेड घासलं की खळगे उथळ होतात. मशीनवर घासायला नागपूरला न्यावं लागलं असतं. त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. जाड काच टेबलावर ठेवली, तिच्यावर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि आठ दिवस दोन्ही हातांनी हेड घासलं. हवा आत येण्याच्या वाटेतल्या कडा गोल कानशीने काढल्या. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट मोठा घातला. सायलेन्सरला रुंद पाइप जोडला.

"इंजिन म्हंजे छाती आहे," तो म्हणाला. "सास मोकळा पाह्यजे."

शहाऐंशीच्या मार्चमध्ये पहिली फेरी केली. पुढच्या सीटवर मी. मागे वजनाला रेतीची पोती. रामाकोन्यापर्यंत गाडी अशी पळाली की मी दाराला धरून बसलो. घाटात दुसऱ्या वळणानंतर इंजिनातून आवाज येऊ लागला. कढईत फुटाणे फुटावेत तसा. मग वाफ आली. गाडी मधल्या वळणावर थांबली.

टाकी तिथेच होती. देवीदास बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग उतरला. डबा भरला, रेडिएटरमध्ये ओतला. उरलेलं पाणी ओंजळीने प्यायला. डबा माझ्यापुढे धरला. मीही प्यालो.

परतताना तो म्हणाला, "जोर वाढवला, गरमीबी वाढली. आपल्या इथलं पेट्रोल येवढा दाब झेलत नाई. ठिनगीच्या आधीच पेटून राहिलं."

"हे पुस्तकात होतं," मी म्हणालो. "मी वाचून दाखवलं होतं."

"हाव ना. तू वाचलं, मी आइकलं. दोघंबी हुशार."

घासलेलं हेड पुन्हा जाड होत नाही. पण हेड आणि इंजिन यांच्यामधली गॅस्केट जाड करता येते. जाड गॅस्केट म्हणजे हेड थोडं वर, दाब थोडा कमी. त्याला तांब्याचा पत्रा हवा होता. त्याच्या बायकोकडे, इंदूवहिनींकडे, पाणी भरायचा तांब्याचा एक गळका गुंड होता. तो त्याने कापून, ठोकून सपाट केला. पत्रा लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात टाकला. तसं केलं की तांबं मऊ होतं.

"लग्नातला गुंड होता तो," इंदूवहिनी म्हणाल्या.

"आता घाट चढंल तुहा गुंड."

"चढून पानी आनंल का?"

त्याने ठिणगी केसभर उशिरा पडेल असं केलं. इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप तापू नये म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलं. बाबांना बुद्धपौर्णिमेला न्यायचं ठरलं होतं. मेमध्ये, तिच्या आठ दिवस आधी, आम्ही पुन्हा गेलो. तीच पोती. भर दुपार. दुसरं वळण गेलं. टाकी आली, मागे पडली. मी ओरडलो. त्याने मान हलवली नाही. गाडी वर पोचली. उमरानाल्याकडून वारा येत होता. तो उतरला आणि बॉनेटवर दोन थापा मारल्या.

मग म्हणाला, "आइकलं?"

"काय?"

"शेवटच्या वळनावर. एक फुटाना."

"एकच ना! चढली ना पण."

"बाबा बसंल तवा एकबी नको."

मी त्याला सांगितलं, राहू दे. पौर्णिमेला बाबांना असंच नेऊ. हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने हेड उघडलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सिरिंज आणली. खळग्यावर भोकाची काच ठेवायची, सिरिंजने रॉकेल भरायचं, किती मावतं ते बघायचं. पहिल्यात चौतीस सीसी मावलं. दुसऱ्यात तेहतीस, तिसऱ्यात बत्तीस, चौथ्यात एकतीस. हाताने घासताना उजवा हात जास्त दाबला गेला होता. चौथा खळगा सर्वांत लहान झाला होता. फुटाणा तिथलाच.

"उजवा हात आहे," तो म्हणाला. "त्याले वाटते, आपलंच घर आहे."

आता उरलेले तिन्ही खळगे आतून खरवडून पहिल्याएवढे करायचे होते. थोडं खरवडायचं, रॉकेल भरायचं, मोजायचं. पुन्हा खरवडायचं. मंगळवारपर्यंत दुसरा आणि तिसरा झाला. पौर्णिमा शुक्रवारी होती.

बुधवारी सकाळी त्याने चौथा घेतला. दुपारी जेवायला घरी गेला. कूलरचा पंप पाणी फेकत नव्हता. कूलर त्यानेच पत्र्याचा बनवला होता. चालू कूलरमध्ये त्याने हात घातला. दुसऱ्या कुणाचा असता तर आधी प्लग काढला असता.

शॉक लागून तिथेच गेला. चौतीस वर्षांचा होता.

शुक्रवारी गुलाबबाबा शेडवर आले. धुतलेलं पांढरं धोतर, पांढरा सदरा. मी तिथेच बसून होतो. ते कुणाला न विचारता गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. बॉनेट उघडं होतं. समोरचं काही दिसत नव्हतं.

ते म्हणाले, "तुले येते का रे हे?"

"नाही, बाबा."

"पुस्तक त तुह्याचपाशी आहे."



हेड टेबलावर उलटं ठेवलेलं आहे. मधले दोन खळगे आरशासारखे चकचकीत. पहिला होता तसाच काळा. चौथा अर्धा चकचकीत, अर्धा काळा. बाजूला सिरिंज, तिच्यात थोडं रॉकेल. शेडच्या टिनावर त्याने खडूने एकाखाली एक लिहिलं आहे: एक, चौतीस. दोन, चौतीस. तीन, चौतीस. चारच्या पुढचा जुना आकडा अंगठ्याने पुसलेला आहे. नवा लिहायचा राहिला.